दर मिनिटाला लोकल, पण प्रत्येकीचं अंतर वेगळं. जमेल का?

बोरिवली_स्लो: काल अंधेरीला उभा होतो, तीन विरार सोडल्या आणि डोक्यात किडा वळवळला. समजा मोजक्याच लाइनी आहेत, एकीची गाडी दर २ मिनिटांनी, दुसरीची दर ३ असं, अंतर कुणाचंही सारखं नाही, दर १ मिनिटवाली चीटिंग म्हणून बाद. सुरुवात कधीही करा, पण एकही मिनिट रिकामं जाता कामा नये. मी २, ३, ५ घेतले तर ३० मिनिटांत ८ रिकामी राहतात, सुरुवात बदलून बघितली तरी ८च, असं का?

घाटकोपरचा_मास्तर: कारण २, ३, ५ सहमूळ आहेत, म्हणजे कुठल्याही दोघांत १ सोडून सामाईक भाजक नाही. निम्मी मिनिटं उरतात, त्यातली दोन तृतीयांश, त्यातली चार पंचमांश, शून्य कधी होणारच नाही, पुढे ७, ११ लावत बसलास तरी. सामाईक भाजक असलेली अंतरं पण घे ना. भिंतीवरचं घड्याळ बघ, १२ म्हणजे ०. दर २ वाली ० पासून, दर ३ वाली पण ० पासून, दर ४ वाली १ पासून, दर ६ वाली ५ पासून. आता एकटा ७ उरतो, त्याला दर १२ वाली. झालं!

बोरिवली_स्लो: भारी!! पण ९ ला दोन गाड्या येतायत, ५ ला पण. एकच प्लॅटफॉर्म असेल तर?

घाटकोपरचा_मास्तर: मग विसर. टक्कर नको असेल तर सगळ्यात मोठं अंतर निदान दोन गाड्यांचं सारखं असावंच लागतं, म्हणजे २, ४, ४ चालेल. मिर्स्की आणि न्यूमन या गणितींचा निकाल आहे, सिद्धता जनरेटिंग फंक्शनची (गाड्यांची मिनिटं x च्या घातांच्या बेरजेत मांडायची युक्ती), चार ओळींची, पण काय सुंदर!

परळ_१२: टक्कर चालत असेल तर खरी मजा वेगळीच. एर्डश या गणितीने १९५० मध्ये असल्याच श्रेढ्या, म्हणजे ठरावीक अंतराने येणाऱ्या संख्यांच्या रांगा, वापरून दाखवलं की मूळ संख्या अधिक २ चा घात अशा न लिहिता येणाऱ्या विषम संख्या अनंत आहेत. मग त्याने विचारलं, सगळ्यात छोटं अंतर हवं तेवढं मोठं ठेवता येईल का? लोक खपले, २०१४ ला ओवेन्सने ४२ पर्यंत आणलं. आणि २०१५ मध्ये हफचा पेपर आला, नाही म्हणे, १ वर १६ शून्यं याच्या पुढे जाणं शक्यच नाही! नंतर ती मर्यादा ६,१६,००० वर उतरली. ४२ कुठे नि सहा लाख कुठे, मधलं सगळं अजून अंधारात.

बोरिवली_स्लो: आणि सगळी अंतरं विषम ठेवली तर? ३, ५, ७, ९, १५ घेऊन बसलोय, ऑफिसचं काम बोंबललंय

परळ_१२: ते अजून कुणालाच सुटलेलं नाही बाबा. फक्त ३ ने भाग जाणारी सगळी अंतरं टाकून देऊ नकोस, कारण निदान एका अंतराला २ किंवा ३ ने भाग जावाच लागतो, हे हफ आणि नील्सनने सिद्ध केलंय.