वाईतील जुन्या वाड्याचा काळ ठरवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. वाई येथील आमचा दोन चौकी वाडा सरदार रास्त्यांच्या एका कारभाऱ्याने बांधला, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. परंतु त्यास आधार देणारा एकही कागद आजवर हाती आलेला नाही. गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचे मंदिर बांधले, त्याच सुमारास हा वाडाही उभा राहिला असावा, असे वडीलधारी मंडळी मानतात. (वाईत प्रत्येक जुनी भिंत रास्त्यांच्याच नावावर जमा होते, हा भाग वेगळा.)

दिंडी दरवाजा, सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब आणि माजघरातील भिंतीत बांधलेले बळद (धान्य साठवण्याची बंदिस्त जागा) पाहता वाडा पेशवाईतील वाटतो खरा. मात्र अशी बांधणी एकोणिसाव्या शतकातही चालू होती, त्यामुळे केवळ त्यावरून काळ ठरवणे मला योग्य वाटत नाही. नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिकेवरून मोजणीनंतरचेच धारक कळतात. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, त्यापूर्वीची नोंद मला हवी आहे.

पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात वाई कसब्याचे कागद कोणत्या रुमालांत (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत) शोधावेत आणि त्यासाठी अर्ज कसा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शिवाय घरात मोडी लिपीतील काही जीर्ण कागद आहेत. त्यांचे विश्वासार्ह वाचन करून देणारे कोणी वाई, सातारा किंवा पुणे परिसरात असल्यास कळवावे. योग्य मानधन देण्याची तयारी आहे.