व्हर्टआयओ कन्सोल ड्रायव्हर: १६ ओळींनंतर छपाई थांबते, कीबोर्ड मुकाच

प्रश्न

रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेवरचा छोटा कर्नल क्यूएमू या एम्युलेटरच्या 'व्हर्ट' मशीनवर चालवतोय. १६५५० यूआर्टवर (साधा सिरियल पोर्ट) सगळं नीट छापतं. आता व्हर्टआयओ (आभासी मशीनमधल्या उपकरणांचं मानक) कन्सोलचा (डिव्हाइस आयडी ३) ड्रायव्हर लिहिलाय, ड्रायव्हर आणि डिव्हाइसमधल्या रांगेचा आकार १६. प्रिंटचे बरोबर १६ कॉल उमटतात, मग शांतता. टाइप केलेलं एक अक्षरही आत येत नाही. मल्टिपोर्ट (एका डिव्हाइसवर अनेक पोर्ट) हे फीचर स्वीकारलेलं नाही. आणि पॅनिकचा (कर्नल कोसळतानाचा) संदेश याच ड्रायव्हरमधून छापला तर चालेल का?

उत्तर १

१६ हा आकडाच दोष दाखवतोय. दर कॉलला एक डिस्क्रिप्टर (बफरचा पत्ता आणि लांबी सांगणारी नोंद) खर्च होतो आणि तो परत घेतला जात नाही. पाठवण्याच्या रांगेची (क्रमांक १) 'यूज्ड' रिंग (डिव्हाइसने वापरून संपवलेल्या बफरांची यादी) वाचून डिस्क्रिप्टर मोकळे करा. यूज्डचा निर्देशांक १६ बिटांचा असतो आणि वाढतच जातो. त्याला आकाराने भागून बाकी घ्यायची ती फक्त रिंगमधली जागा काढताना. साठवलेल्या किमतीवर ती लावलीत की दुसऱ्या फेरीत पुन्हा अडकाल.

इनपुटचं कारण वेगळं. रांग ० मध्ये रिकामे बफर आधी टाकून ठेवावे लागतात, कारण जागा नसेल तर क्यूएमू टर्मिनलकडून अक्षर उचलतच नाही. त्या डिस्क्रिप्टरवर 'डिव्हाइस लिहील' हा ध्वज (किंमत २) हवा. बफर आधी भरले तरी चालतील, पण नोटिफाय (डिव्हाइसला 'नवं काम आलंय' असं कळवणं) मात्र ड्रायव्हर-ओके, म्हणजे 'ड्रायव्हर तयार' हा बिट लावल्यानंतरच. किती बाइट आले ते यूज्ड नोंदीतल्या लांबीवरून घ्या. एक बफर म्हणजे एक अक्षर असं धरलंत तर मजकूर पेस्ट करताच अक्षरं गळतील. वाचून झालं की बफर परत रांगेत.

दोन फेन्स (मेमरी व्यवहारांचा क्रम राखणाऱ्या सूचना) विसरू नका: एक अव्हेल रिंगचा (डिव्हाइसला दिलेल्या बफरांची यादी) निर्देशांक वाढवण्याआधी, दुसरा नोटिफाय रजिस्टर लिहिण्याआधी. दुसरा मेमरी-लेखन ते डिव्हाइस-लेखन असा हवा, नुसता मेमरी-मेमरी पुरत नाही. क्यूएमूच्या नुसत्या एम्युलेशनमध्ये ही चूक बऱ्याचदा लपून राहते.

उत्तर २

पॅनिकसाठी रांगा वापरू नका. रांगेचा लॉक नेमका त्याच क्षणी दुसऱ्या हार्टकडे (रिस्क-फाइव्हमधला प्रोसेसर-धागा) असतो आणि शेवटची ओळ कधीच दिसत नाही. डिव्हाइस 'इमर्जन्सी राइट' फीचर (बिट २) देत असेल तर कॉन्फिगमधल्या ऑफसेट ८ वर अक्षर लिहा. एमएमआयओत (डिव्हाइसची रजिस्टरं मेमरीच्या पत्त्यांवर दिसतात ती पद्धत) ते डिव्हाइसच्या मूळ पत्त्यापासून हेक्स १०८. रांगा उभ्या नसल्या, फीचर स्वीकारलेलं नसलं, तरी चालतं. एका लेखनात एकच अक्षर जातं, म्हणजे अक्षरागणिक एक व्हीएम एक्झिट (आभासी मशीन थांबवून हायपरव्हायझरकडे, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रामकडे जाणं). मरताना वेगाचं कोणाला पडलंय! बूटच्या सुरुवातीला मात्र हे कामाचं नाही, कारण तोवर डिव्हाइस शोधलेलंच नसतं. तिथे एसबीआयचं (कर्नलखालच्या फर्मवेअरचा इंटरफेस) डीबग कन्सोल किंवा तुमचा जुना यूआर्टच ठेवा.

प्रश्नकर्ता

दोन्ही कामं झाली, धन्यवाद. छापताना यूज्डची वाट लॉक धरून पाहतोय, ते बरोबर आहे का? उद्या दुसरा पोर्ट लागला तर?

उत्तर १

लिनक्सचा ड्रायव्हरही कन्सोलसाठी तसाच फिरत राहतो, कारण वरून हाक येते तेव्हा स्पिनलॉक (फिरत वाट पाहायला लावणारा लॉक) धरलेला असतो आणि झोपता येत नाही. म्हणूनच क्यूएमू या कन्सोल पोर्टला थोपवून धरत नाही: पलीकडचं टोक भरलेलं असेल तर डेटा सरळ टाकून देतो. ओळी गायब झाल्या तर आधी इथे बघा. दुसरा हायपरव्हायझर असाच वागेल हे मात्र धरून चालू नका. लॉक न धरता कर्नलच्या स्वतःच्या लॉग बफरमध्ये लिहायचं आणि तिथून सावकाश रिकामं करायचं, ही मांडणी मला जास्त पटते. पाठवायचा बफर स्टॅकवर नको: डिव्हाइसला भौतिक पत्ता लागतो आणि मॅप केलेल्या स्टॅकची पानं सलग असतीलच असं नाही.

दुसरा पोर्ट म्हणजे मल्टिपोर्ट. मग रांगा २ आणि ३ नियंत्रणाच्या होतात, पोर्ट १ ला ४ आणि ५ मिळतात. आधी रांग २ मध्ये बफर, मग 'डिव्हाइस रेडी'. प्रत्येक 'पोर्ट ॲड'ला 'पोर्ट रेडी', आणि कन्सोल असेल तर 'पोर्ट ओपन'ही. हा शेवटचा संदेश राहिला तर छापलेलं दिसतं, टाइप केलेलं येत नाही, आणि तुम्ही पुन्हा रांग ० तपासत बसता.