शब्दचर्चा : नाटक कंपनीचा मालक, चालक, मॅनेजर आणि कंत्राटदार

शहापूर, बेळगाव
गावच्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेसाठी जुनी हँडबिलं लावून घेतोय. एकावर खाली ‘मालक’, दुसऱ्यावर ‘चालक’, तिसऱ्यावर ‘मॅनेजर’, आणि पन्नाशीच्या दशकातल्या दोनांवर ‘कंत्राटदार’ असं छापलंय. संपादकांचं म्हणणं, सगळीकडे ‘व्यवस्थापक’ करून टाकू, वाचणाऱ्याला सोपं जाईल. असं करावं का?

खानापूर
अजिबात करू नका. हे चार शब्द चार वेगळ्या माणसांचे आहेत. खेळ पडला तर खिसा कुणाचा रिकामा होतो, हे त्या शब्दावरूनच कळतं.

मालक म्हणजे पडदे, पेट्या, ड्रेपरी म्हणजे पोशाख-दागिने, कर्ज हे सगळं ज्याच्या नावावर तो. भागीदारी असेल तर वाटा आण्यांत सांगायचे. सोळा आणे म्हणजे पूर्ण कंपनी, त्यात कुणाचे सहा, कुणाचे पाच. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे टेंबे कंपनी सोडून गेले, मग बोडसही. बालगंधर्व एकटे मालक उरले, तेव्हा कर्जही एकट्याच्या डोक्यावर आलं. त्यांना ‘व्यवस्थापक’ म्हटलं तर हा सगळा इतिहासच पुसला जातो.

मॅनेजर हा मालकाचा कारभारी. थिएटर ठरवणं, मुक्काम आखणं, हिशेब, करारमदार, पत्रव्यवहार त्याच्याकडे. किर्लोस्कर मंडळीचे शंकरराव मुजुमदार या कामासाठी प्रसिद्ध होते.

चालक मधला आहे. मालकी असेल किंवा नसेल, कंपनी त्याच्या हातानं चालते. केशवराव भोसल्यांनी 1908 मध्ये हुबळीत ललितकलादर्श काढली. 1921 मध्ये ते वारले आणि बापूराव पेंढारकरांनी कंपनी पुढे चालवली. अशा माणसाला ‘चालक’ हाच शब्द शोभतो.

निपाणी
कंत्राटदाराचं राहिलं. तो कंपनीचा माणूसच नव्हे. तो गावचा असतो आणि कंपनीकडून एक खेळ किंवा चार-पाच खेळ उक्ते, म्हणजे एक ठराविक रक्कम देऊन, घेतो. थिएटरभाडं, हँडबिलं, बत्ती, दारावरची माणसं हा खर्च त्याचा आणि गल्लाही त्याचा.

आकडे समजुतीपुरते घ्या. खेळ 350 रुपये उक्ता ठरला. थिएटर 50, हँडबिलं आणि बत्ती 30, दारावरची माणसं 10. म्हणजे 440 खर्च. गल्ला 500 झाला तर 60 सुटले, 380 झाला तर 60 गेले. कंपनीला दोन्ही वेळी 350 च.

आता मालकाची बाजू बघा. नाटक आठवड्यातून तीन रात्री, पण बिऱ्हाडात समजा चाळीस माणसं रोज दोन वेळ जेवणार. आचारी, पाणक्या, पगार, नटांना दिलेली उचल म्हणजे आगाऊ पैसे, हे सगळं चालूच. नट उचल घेऊन दुसऱ्या कंपनीत गेला की ती बुडाली, म्हणून पुढे करार स्टँपावर होऊ लागले. बेळगावचा पावसाळा तर कंपनीला खाऊनच टाकायचा. कच्च्या थिएटरात पत्र्यावर पाऊस सुरू झाला की पदं ऐकूच येत नाहीत, आणि खेळ रद्द झाला तरी चूल पेटवावीच लागते. कंत्राटदाराला यातलं काहीच सोसावं लागत नाही, म्हणून दोघांना एकाच शब्दात बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

अथणी
आमच्या बाजूला कन्नड कंपन्यांत मालकाला ‘मालीक’ म्हणतात आणि मुक्कामाला ‘क्यांप’. ‘पेटीमास्तर’, म्हणजे पेटी वाजवणारा, दोन्ही भाषांत एकच. कंत्राटाला कन्नडात ‘गुत्तिगे’, त्याचाच भाऊ आपला ‘गुत्ता’, पण नाटकाच्या व्यवहारात मराठीत ‘कंत्राट’च रुळलं. सौंदत्ती तालुक्यातले एणगी बाळप्पा नटही होते आणि ‘कलावैभव नाट्य संघा’चे मालकही. त्यांच्यावर लिहिताना ‘मालक’च लिहावं.

शहापूर, बेळगाव
एका हँडबिलाच्या मागे पेन्सिलीनं ‘निम्मे उक्ते, निम्मे गल्ल्यावर’ असं लिहिलंय. हे काय?

निपाणी
मिश्र सौदा. ठरलेल्या रकमेतली निम्मी पक्की, राहिलेल्याऐवजी गल्ल्यात टक्का. पाहणारा किती येईल याचा अंदाज दोघांनाही नसेल तेव्हा असं ठरवतात. यात भांडण हमखास गल्ल्याच्या मोजणीवर. दारावरचा माणूस तिकीट न फाडता परत खिडकीवर पोचवतो, तेच तिकीट दुसऱ्याला विकलं जातं, आणि पुस्तकातून गेलेली तिकिटं कमी दिसतात. म्हणून कंपनीचा मॅनेजर स्वतः दारात उभा राहायचा. तिकीट फाडायचं, अर्धं डब्यात टाकायचं, रात्री अर्धुकं मोजून पुस्तकांतल्या स्थळप्रतींशी ताडायची. खुर्ची, बाक, पिट यांचे रंग वेगळे ठेवले की मोजणी सोपी जाते. पासांची यादी आधीच दोघांच्या सहीनं व्हावी, नाहीतर पहिल्या दोन रांगा फुकट्यांनी भरतात आणि खेळ ‘हाऊसफुल्ल’ असूनही गल्ला अपुरा.

खानापूर
‘सूत्रधार’ या शब्दाचीही नोंद स्मरणिकेत घ्या. विष्णुदास भाव्यांच्या खेळात सूत्रधार पद म्हणत सगळी कथा पुढे न्यायचा. संगीत नाटकात तो नांदीपुरता उरला. आजच्या व्यावसायिक नाटकांच्या जाहिरातीत मात्र ‘सूत्रधार’ म्हणजे तारखा, बस, थिएटर सांभाळणारा, म्हणजे जुना मॅनेजर. ‘निर्माता’ ही जागा जुन्या मालकाची, पण एक फरक आहे. कंपनी असताना नट बिऱ्हाडात पगारावर असायचे. बोलपट आल्यावर कंपन्या मोडल्या, कंत्राटी नाटकं सुरू झाली आणि नटाला ‘नाईट’ मिळू लागली. नाईट म्हणजे एका प्रयोगाचे पैसे. प्रयोग नाही त्या दिवशी त्याचं जेवण निर्मात्याच्या अंगावर नाही.

शहापूर, बेळगाव
मग मूळ शब्द तसेच ठेवतो आणि शेवटी अर्थांचं पान जोडतो. ‘नाईट’ आणि ‘उचल’ही त्यात घेतो.

अथणी
‘ड्रेपरी’ही घ्या. शहरातल्या पोरांना तो पडद्याच्या कापडाचा प्रकार वाटतो. आपल्याकडे यात्रेच्या नाटकाला पोशाख, दागिने, टोप भाड्यानं देणारं दुकान म्हणजे ड्रेपरी. आणि हँडबिलावर ड्रेपरीवाल्याचं नाव असेल तर ते गाळू नका. भाड्यात सूट देऊन तो ते छापून घ्यायचा.