नक्षी कापायच्या करवतीला मराठीत काय म्हणतात?

मालवणजवळच्या एका जुन्या घराच्या डागडुजीवर लेख लिहितेय. पडवीच्या वळचणीला कातरलेल्या फळ्यांची झालर आहे. अशी नक्षी कापायच्या 'फ्रेटसॉ'ला मराठी शब्द काय? कोशात 'आरी' सापडला, पण आरी चांभाराची ना?

— चांभाराची टोचायची ती आरी, सुताराची बारीक करवत तीही आरीच. शिवाय जरीकामाची आहेच. म्हणून 'सुताराची आरी' लिहा, नाहीतर वाचक चपलेकडे वळेल.

— शब्द राहू दे, झालरीची फळी किती जाड आहे?

पाऊण इंच. सागवानी.

— मग तो फ्रेटसॉ नसावा, कोपिंग सॉ असेल. दोघांची चौकट इंग्रजी यू-सारखी, पातं ताणून बसवलेलं. पण फ्रेटसॉचं पातं जेमतेम पाच इंचांचं आणि केसासारखं, ते पातळ प्लायवूडला ठीक. चौकट मात्र खूप खोल, म्हणून फळीच्या आतपर्यंत पोचते. कोपिंगचं पातं साडेसहा इंचांचं, जरा रुंद, दोन्ही टोकांना पिना. मूठ सैल केली की पातं फिरवता येतं, वळणावर चौकट आड येत नाही. दाते बहुधा मुठीकडे तोंड करून बसवतात, म्हणजे कापणं ओढताना होतं. ढकलताना जोर लावला तर एवढं बारीक पातं वाकणारच.

— जाळी कशी कापतात तेही लिहा. आधी भोक पाडायचं, पातं एका टोकाला सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताणायचं. प्रत्येक भोकाला हेच! लाकडाच्या रेषांना आडव्या बारीक पट्ट्या सागवानात सहज तुटतात. थर्माकोलवर 2018 मध्ये बंदी आल्यावर आमच्या वाडीत मखरं प्लायवूडची झाली, तेव्हा हे भोक पाडून कापणं सगळ्यांना कळलं.

मग लेखात कोपिंग सॉला 'कमानीची आरी' चालेल?

— चालेल, वाचणाऱ्याला आकार तरी दिसेल. पण आमचे मेस्त्री नुसतं 'कोपिंग' म्हणतात, तेव्हा एकदा तोही शब्द येऊ द्या. 'जिगसॉ' मात्र टाळा, आता ते ऐकलं की विजेचं यंत्रच डोळ्यांपुढे येतं.

— 'कमानीची आरी' मला ओढूनताणून वाटतं. 'नक्षीची करवत' म्हटलं तर काय बिघडलं? आणि लेखात 'पातं' लिहा, पण दुकानात 'ब्लेड' मागा. पिनवालं की बिनपिनचं तेही सांगा, नाहीतर घरी आणून चौकटीत बसायचं नाही.