नस, शीर की गुंतवळ?

मावसभावाचा एमआरआय झाला. नागपूरच्या धंतोलीतून रिपोर्ट हातात पडल्या पडल्या मी काटोलला मावशीला फोन लावला आणि बोलून गेलो, "डोक्यात नसांचा गुंता निघाला." ती म्हणाली, "दबली असंन नस. मालिश करून मोकळी होते ना बाप्पा?"

चूक माझीच. आपल्याकडे सलाइनची सुई टोचतात तीही नस आणि कंबरेपासून पायात कळ जाते तीही नसच. एकीत रक्त, दुसरीत संवेदना. रिपोर्टात 'आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन', 'नायडस' आणि 'इलोक्वंट' असे शब्द आहेत. हे घरच्या मराठीत सांगायचं कसं? तुम्हीच सुचवा.

*

आमच्या शाळेच्या पुस्तकात रोहिणी (आर्टरी) आणि नीला (व्हेन) होत्या. गोड नावं, पण आज कुणाला सांगितली तर दोघी बहिणी वाटतील. पहिलीला 'धमनी' चालेल. मूळ धातू 'धम्', म्हणजे फुंकणे. हृदयाचा जोर तीत असतो, हे त्या शब्दात नकळत येतं. दुसरीला मात्र 'शीर'च म्हणा. एकवचनी 'शिरा' म्हटलं की सत्यनारायणाचा प्रसाद आठवतो. आणि रक्ताचं बोलायचं असेल तिथे 'नस' नकोच.

*

'नायडस' म्हणजे या गुंत्याचा गाभा. हा लॅटिन शब्द, अर्थ घरटं. पण मला 'गुंतवळ' सुचतो. कंगव्यात अडकलेला केसांचा पुंजका, आजी तो साठवून भांडेवालीला द्यायची. चित्रात अगदी तसंच दिसतं.

*

दिसतं खरं. पण गुंतवळ निर्जीव असते, उपटून फेकता येते. मावशी म्हणेल, काढून टाका मग. इथे तर आतून रक्त धावतंय.

*

भाऊ, मी या चित्रांच्याच कामात आहे. तुम्ही दिसण्यावर अडलात, खरी गोष्ट वाहण्याची आहे. धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांचं बारीक जाळं असतं, तिथे रक्ताचा जोर मरतो. या विकारात, म्हणजे 'आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन'मध्ये, ते जाळंच नसतं. मावशींना संत्र्याची बाग सांगा. पाटाचं पाणी आळ्याआळ्यात फिरून, जिरून मग नाल्याला लागायचं. इथे पाट थेट नाल्यात फुटलाय. (आता सगळीकडे ठिबक आलं, पण त्यांना पाट आठवेल.)

एमआरआयमध्ये जोरात वाहणारं रक्त बऱ्याचदा काळ्या ठिपक्यांसारखं दिसतं, म्हणजे जागा कळते. प्रवाह नीट बघायचा तर डीएसए, म्हणजे 'डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी', रक्तवाहिन्यांची एक्स-रे तपासणी. त्यातल्या 'सबट्रॅक्शन'ला मराठी शब्द शोधू नका, पहिलीपासून आहे : वजाबाकी. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत घालतात आणि आधी औषधाविना फोटो घेतात. मग नळीतून एक्स-रेत दिसणारं औषध सोडतात आणि भराभर फोटो काढतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की कवटी गायब, नुसत्या रक्तवाहिन्या उरतात. एरवी शीर काही सेकंदांनी भरते. इथे धमनी औषधाने अजून काळी दिसत असतानाच शीरही भरलेली असते. ही 'वेळेआधी भरलेली शीर' दिसली की आमचं निदान पक्कं होत जातं.

*

आणि 'इलोक्वंट'? एका नातेवाइकाने त्याचा 'वक्तृत्वाचा भाग' केलेला मी ऐकलाय! बोलणं, हालचाल, दृष्टी अशी नेमकी कामं सांभाळणारा मेंदूचा भाग, इतकाच अर्थ. स्पेट्झलर आणि मार्टिन या मेंदूच्या सर्जननी 1986 साली शस्त्रक्रियेची जोखीम मोजायला प्रतवारी दिली, तीत गुंता अशा जागी असला तर एक गुण वाढतो. आकार 3 सेंटिमीटरच्या आत असला तर 1, 6 च्या वर गेला तर 3. खोल शिरेत निचरा होत असेल तर आणखी 1. इथे गुण जास्त म्हणजे वाईट, हे घरच्यांना आधी सांगावं लागतं. मी 'कळीची जागा' म्हणते.

*

मावशीला पाट लगेच कळला. उलट विचारते, "मंग पाट बुजवतात का नाल्याले बांध घालतात?" नळीतून गोंदासारखं द्रव्य सोडतात, त्याला बांध म्हणू का?

*

'बुजवणं'च म्हणा. नाल्याला बांध म्हणजे शीर आधी अडवणं. तसं झालं तर मागे दाब वाढून गुंता फुटायची भीती. मावशींनी प्रश्न मात्र अचूक विचारला.