२०१२ ची ऑडी टीटी सांगलीत आणावी का?

विश्रामबागकर
पुण्यात एक ऑडी टीटी बघून आलोय. २०१२ ची, २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद, २११ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), ऑटोमॅटिक. एमएच-१२ पासिंग, दुसरा मालक, मीटरला ६४ हजार. साडेतेरा लाख सांगतोय, बारापर्यंत उतरेल असं वाटतं. नवी असताना हीच गाडी पन्नास लाखांच्या आसपास जायची. रोजच्या कामाला घरात वॅगनआर आहे, ही फक्त रविवारी आणि सुट्टीला. घराचं कर्ज फिटलंय, मुलीचं शिक्षण संपत आलंय, बायकोचीही ना नाही. दोन दारांची गाडी ही कॉलेजपासूनची इच्छा आहे आणि पन्नाशीच्या आत ती पुरी व्हावी असं मनापासून वाटतं. माझा कल घ्यावी असाच आहे. ज्यांना हे चूक वाटतं त्यांनी कारणांसकट लिहा, सगळं वाचून मगच टोकन देणार.

तासगाव रोड
दादा, घेऊ नका. बारा लाखांत गाडी फक्त दारात येईल, खर्च तिथून पुढं सुरू होतो.

पहिलं कागदांचं बघा. रजिस्ट्रेशन २०२७ ला संपतंय. इथं जुळणी झालेल्या गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच हजारांत होतं. टीटी मात्र हंगेरीहून तयार होऊन यायची, म्हणजे आयात गाडी. एप्रिल २०२२ पासून आयात चारचाकीची नूतनीकरण फी ४० हजार आहे, तीही पाच वर्षांपुरतीच. वर पर्यावरण कर आणि फिटनेसची तपासणी.

आणि चालवणार कुठं? दिवाळी झाली की ऊस सुरू. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, मार्चपर्यंत हेच. गतिरोधक नियमानं १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या गावांतले उंचीला जास्त आणि रुंदीला हातभर. एवढ्या खाली बसणाऱ्या गाडीचा पुढचा बंपर पहिल्या महिन्यात जातो.

घाटवेडा
४० हजार पाच वर्षांसाठी, म्हणजे वर्षाला आठ हजार झाले. बारा लाखांची गाडी घेणारा माणूस एवढ्यावर अडत नसतो.

गतिरोधकाबद्दल थोडं तांत्रिक बोलू. पोट घासणं हे उंचीइतकंच दोन चाकांमधल्या अंतरावरही असतं. टीटीचा व्हीलबेस २,४६८ मिलिमीटर आहे, लांबलचक सेडानपेक्षा बराच कमी. ती पोटावर बसत नाही. पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासतो हे खरं, त्याला तिरकी घालायची सवय लागते. आणि रविवारी पहाटे साडेपाचला निघालं तर पेठ नाक्यावरून हायवेला लागून आठच्या सुमारास तुम्ही कराडच्या पुढं कुंभार्ली घाटात असता. पावसाळा संपताना, रस्ता ओला असताना, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी त्या वळणांवर काय करते ते एकदा अनुभवाच. आंबा घाटही काही लांब नाही. असे रस्ते मुंबईकरांना सहा तास गाडी चालवून गाठावे लागतात, आपल्या ते उशाला आहेत.

दुसरं, पन्नासची बारा झालीय. किंमत पडायची ती पडून झाली. १९९८ पासून बनणारी टीटी नोव्हेंबर २०२३ ला कायमची बंद झाली, त्यामुळं चांगली ठेवलेली गाडी आता फार खाली जाणार नाही.

तासगाव रोड
बंद झाली हे तर माझ्या बाजूचं कारण आहे. उद्या मागची काच फुटली किंवा हेडलाइट गेला तर आणायचा कुठून?

कुपवाड गॅरेज
गाड्यांचं काम करतो म्हणून लिहितोय. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

इंजिनाची भीती बाळगू नका. हे फोक्सवॅगन-ऑडीच्या ईए८८८ कुटुंबातलं इंजिन, त्याचाच १.८ लिटरचा भाऊ स्कोडाच्या सुपर्ब आणि लॉराच्या टीएसआयमध्ये आहे. पुण्या-कोल्हापुरात हे काम येणारे हात आहेत, सामान मिळतं. सहा गिअरचा ओल्या क्लचचा (क्लच तेलात बुडालेला) गिअरबॉक्सही एकट्या टीटीचा नाही. अडचण बॉडीची. पुढचा बराचसा सांगाडा ॲल्युमिनियमचा, मागं स्टील. ॲल्युमिनियमला आपल्याकडचं नेहमीचं टिंकरिंग चालत नाही, वेल्डिंगही वेगळं. म्हणून पुढून ठोकलेली गाडी कितीही चकाचक दिसू दे, सोडून द्या. पेंटची जाडी मोजायचं यंत्र घेऊन जा, पण चुंबक लावून बघायचं पुढं काही कामाचं नाही, ॲल्युमिनियमला तो चिकटतच नाही.

आता खरी दुखणी. एक, टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली चेन ताणून धरणारा भाग. या काळातल्या इंजिनांचा जुन्या बनावटीचा टेन्शनर दगा देतो. चेन उडी मारते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. सुधारित टेन्शनर बसवलाय का, त्याचं बिल मागा. मालक तोंडी सांगत असेल तर बसवलेला नाही असंच धरा. दोन, ऑइल पिणं. पिस्टनच्या रिंगा बारीक आहेत, त्या अडकल्या की हजार-दोन हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल जातं. रिंगा बदलायच्या म्हणजे इंजिन उघडलंच. तीन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारतात, त्यामुळं इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साचतो. याचं काम मोठं नाही, पण करावं लागतं.

गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर ६० हजारांना बदलायचं असतं. तुमच्या गाडीला ६४ झालेत. झालं असेल तर नोंद असणार, नसेल तर भावात धरा. मागच्या हॅल्डेक्स कपलिंगचं (मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या भागाचं) ऑइल लोक हमखास विसरतात. आणि शॉकअप चुंबकीय (विजेवर कडकपणा बदलणारे) आहेत का साधे ते विचारा. चुंबकीय गळायला लागले तर त्या एका खर्चात एखादी जुनी मारुती येईल.

मिरज जंक्शन
एमएच-१२ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आपल्या गावातल्या किती गाड्या पाण्यात होत्या ते सगळ्यांनी बघितलंय. त्यातल्या बऱ्याच धुऊनपुसून विकल्या गेल्या. पुण्यातही २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ धुऊनही राहते. डिकीतलं पांघरूण उचलून खालच्या खोलगट भागात हात फिरवा. वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर दिसला तर तिथूनच परत फिरा.

बोरगावचा
टीटीच कशाला? त्याच काळातली लॉरा व्हीआरएस, लॉराची स्पोर्टी आवृत्ती, बघा. १.८ टीएसआय, १६० पीएस, सहा गिअर हातानं टाकायचे, पाच माणसं बसतात. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळणी व्हायची, त्यामुळं नूतनीकरण पाच हजारांत. निम्म्या पैशात येईल आणि घरच्यांनाही घेऊन जाता येईल. गाडीचं सुख एकट्यानं भोगायचं नसतं असं माझं ठाम मत आहे.

घाटवेडा
लॉरा उत्तम गाडी आहे, वाद नाही. पण तिची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते आणि ती घराची गाडी आहे. दादांना दोन दारांची हवीय. तीस वर्षं मनात असलेल्या गोष्टीच्या जागी दुसरीच घेतली तर ती इच्छा तशीच राहते आणि पैसेही गेलेले असतात.

तासगाव रोड
इच्छेला माझा विरोध नाही, मीही गाडीवेडाच आहे. एकच विचारतो, महिन्यातून किती वेळा बाहेर काढणार? हल्ली पंपावर ई-२० मिळतं, २० टक्के इथेनॉल. ते आपल्याच कारखान्यांतून जातं, ऊसवाल्याला चार पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ई-२० ला चालतील अशी रबरं आणि सील घालायला एप्रिल २०२३ पासून सुरुवात झाली. ही गाडी त्याच्या अकरा वर्षं आधीची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. तीन-तीन आठवडे उभी राहणाऱ्या गाडीच्या टाकीत तेच होणार आणि पंप, इंजेक्टर, पाइप सगळ्यांना भोगावं लागणार. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा रविवारच्या गाडीला हा धोका जास्त.

कुपवाड गॅरेज
बरोबर. पेट्रोल टाकीत आठवडेच्या आठवडे पडू द्यायचं नाही, वापरून संपवायचं. आठवड्याला तासभर तरी फिरवा, नुसती जागेवर चालू करून बंद करू नका. बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवणारं छोटं यंत्र) लावा.

विश्रामबागकर
सगळ्यांचे आभार. पुरानं आणि टेन्शनरनं माझी झोप उडवली, पण मन बदललं नाही. बोरगावच्या दादांचं म्हणणं पटतं, तरी लॉराकडं बघून मला पुन्हा टीटीच आठवणार हे मला माहीत आहे.

असं ठरवलंय. टेन्शनरचं आणि गिअरबॉक्स ऑइलचं बिल असेल तर बारा. दोन्ही नसतील तर साडेदहाच्या वर एक रुपया नाही आणि ही कामं नाव बदलायच्या आधी करून घ्यायची. बाजूला तीन लाख वेगळे ठेवतोय, त्यांना घरातल्या दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही असं आमच्या दोघांचं ठरलंय. येत्या शनिवारी पुण्याला जातोय, बरोबर येणारा जाणकार हवा.

कुपवाड गॅरेज
मी येतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर माझ्याकडं आहे. टायरवरचे चार आकडे आत्ताच फोनवर विचारून घ्या, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षांपूर्वीचे निघाले तर चार टायर भावातून वजा.

तासगाव रोड
मी अजूनही नकोच म्हणतोय. पण जाणारच असाल तर तीन नाही, चार लाख ठेवा. आणि मालकाला सांगा, शनिवारी सकाळी आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर त्या दिवशी सौदा करू नका. चेनचा खडखडाट असेल तर थंड इंजिन सुरू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांतच ऐकू येतो.