गिअरच्या सायकलची पहिली ओळख
नवी सायकल हौसेने घेतली, पण निम्म्या सामानाचं काय करायचं तेच कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून माझी पहिली गिअरवाली आठवली. पुढे पायडलपाशी तीन दातेरी चकत्या, मागे चाकावर आठ. '२४ गिअर' म्हणून मित्रांत काय मिरवलो होतो! खरं तर त्यातले बरेच जवळपास सारखेच असतात. पुढची मोठी आणि मागचीही मोठी लावली, की चेन तिरकी ताणली जाऊन कुरकुरते ते वेगळंच. पण कात्रजच्या चढावर पुढे २८ आणि मागे ३२ दात्यांची जोडी पडली आणि जीव भांड्यात पडला. पायडलचा एक फेरा मारला तर चाकाचा पुरता एकही होत नाही. वेग झपझप चालणाऱ्या माणसाएवढा, पण उतरून ढकलायला लागत नाही!

ट्यूबमध्ये हवा भरायचा व्हॉल्व बारीक, म्हणजे प्रेस्टा प्रकारचा असेल, तर टोकाचा चिमुकला नट आधी सैल करा, दाबून 'फुस्स' ऐका, मगच पंप लावा. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला सहसा बसत नाही. पितळी अडॅप्टर मिळतो, तो खिशात असू द्या.

आणि गिअर अडखळला म्हणून लगेच दुकान गाठू नका. मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागात, गिअरची तार शिरते तिथे बोटांनी फिरणारा गोल स्क्रू असतो. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करत असेल तर तो घड्याळाच्या उलट दिशेने थोडा थोडा फिरवायचा आणि पायडल मारून बघायचं. माझा तर रविवारचा चहा याच उद्योगात गार व्हायचा.